‘दोन्ही पक्ष एकमेकांना सहकार्य करतील’ – करारातल्या या एका ओळीवर भागतंय का?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, ग्रे आयर्न कास्टिंग आणि थोडंफार मशीनिंग. आजवर सगळं काम पीओवरच (खरेदीच्या लेखी ऑर्डरवरच) चाललं, पीओ आला की माल काढायचा, चलन लावायचं, बिल टाकायचं. आता एका मोठ्या गिऱ्हाइकानं दोन वर्षांच्या सप्लायचा रीतसर करार पाठवलाय, पानंच्या पानं आहेत, दोन-तीनदा बसून वाचला.

त्यात आमच्या बाजूचं सगळं आकड्यात आहे. डिलिव्हरीची तारीख, उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का कपात, रिजेक्शन किती चालेल, पॅकिंग कसं, ऑडिटला कधी दार उघडायचं, सगळं. आणि त्यांच्या बाजूला काय, तर ‘कराराच्या पूर्ततेसाठी दोन्ही पक्ष एकमेकांना सर्वतोपरी सहकार्य करतील’ एवढी एक ओळ. बास.

आता ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कास्टिंगचा नवीन पार्ट म्हणजे आधी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं, मग पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं वाळूचा साचा उठवतात तो नमुना, आणि कोअर बॉक्स, म्हणजे आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा करायची पेटी (बहुतेक वेळा पॅटर्न त्यांच्याच मालकीचा असतो, आम्ही फक्त सांभाळतो), मग सॅम्पल ओतायचं, ते त्यांच्या क्वालिटीकडं जातं, तिथं मापं घेतात, कापून बघतात, आणि ‘पास’ असा कागद आला की मग पुढचा माल. म्हणजे ड्रॉइंग, पॅटर्न आणि सॅम्पल या तिन्ही ठिकाणी गाडी त्यांच्या दारात उभी असते आणि घड्याळ मात्र आमचं चालू असतं. मागं एका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं आमचं सॅम्पल क्वालिटीच्या टेबलावर नुसतं पडून होतं, विचारायला फोन केला की साहेब रजेवर, मग मधेच ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली, पॅटर्नला हात लावावा लागला, आणि शेवटी माल गेला तेव्हा उशिराची डेबिट नोट (बिलातनं कपातीचा कागद) आमच्याच नावानं. फोन केल्याचा पुरावा कुठं असतोय.

तर प्रश्न असा की ही सहकार्याची ओळ कामाला येते का? आणि येत नसेल तर तिच्या जागी काय लिहून मागायचं, की मोठं गिऱ्हाईक दुखावणार नाही आणि आमचंही मरण होणार नाही? कुणी असे करार केले असतील तर सांगा.

उद्यमनगर_पॅटर्न

भावा मनातलं लिहिलंस. आमच्याकडं पॅटर्न करायला येतात तेव्हा ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबरच नसतोय, आणि पॅटर्न झाल्यावर म्हणतात हे जुनं ड्रॉइंग. तेव्हापासनं आम्ही ड्रॉइंगच्या प्रिंटवर त्यांच्या माणसाची सही आणि तारीख घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावत नाही. करारबिरार काय आमच्यात नसतोय, पण ती सही केलेली प्रिंट भिंतीला लावून ठेवतोय.

बावड्याची_वकील

फौंड्रीवाले दादा, तुमचा करार मी पाहिलेला नाही, त्यामुळं कायदा काय म्हणतो तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे करारात एक अक्षर नसलं तरी थोडं सहकार्य कायद्यानंच घातलेलं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ६७ काढून बघा. ज्याच्यासाठी काम करायचं त्यानंच काम करायला लागणारी वाजवी सोय करून दिली नाही, तर त्यामुळं जे काम राहिलं त्याबद्दल काम करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्यात उदाहरण दिलंय ते अगदी घरगुती आहे. एकानं दुसऱ्याचं घर दुरुस्त करायचं कबूल केलं, आणि घरमालक कुठं कुठं दुरुस्ती पाहिजे ते दाखवायलाच तयार नाही, तर दुरुस्ती झाली नाही याचा दोष कारागिराचा नाही. तुमचं सॅम्पल टेबलावर पडून राहणं हे याच जातीचं.

त्याच्या आधीची ५१ ते ५४ ही कलमं एकमेकांत गुंतलेल्या वचनांबद्दल आहेत. तू हे कर मग मी ते करतो, असे करार. ५२ सांगतं की कुणी आधी करायचं तो क्रम करारात लिहिला असेल तर तसाच पाळायचा, नसेल तर कामाच्या स्वरूपावरून ठरवायचा. ५३ म्हणजे एकानं दुसऱ्याला काम करण्यापासून अडवलं तर अडवला गेलेला माणूस करार रद्द करू शकतो आणि नुकसानही मागू शकतो. ५४ तर तुमच्या फारच जवळचं आहे, तिथं उदाहरण आहे बांधकामाचं. मालकानं परांची-फळ्या आणि लाकूड पुरवायचं ठरलेलं, त्यानं पुरवलं नाही आणि काम करताच येईना, तर बांधणाऱ्यावर ते काम करायचं बंधन राहत नाही, उलट मालकानंच नुकसान भरून द्यायचं.

बाहेरच्या न्यायालयांतही हे जुनंच आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढं मॅके विरुद्ध डिक म्हणून खटला गेला होता, स्कॉटलंडमधला. रेल्वेच्या कामासाठी वाफेवर चालणारं खणायचं यंत्र विकलेलं, अट अशी की नेमून दिलेल्या कटिंगवर, म्हणजे रेल्वेच्या खोदाईच्या जागी, नीट मोकळ्या केलेल्या दर्शनी भागावर त्याची चाचणी व्हायची आणि ठरलेलं काम त्यानं करून दाखवायचं. घेणाऱ्यांनी चाचणीसाठी तशी जागाच करून दिली नाही आणि नंतर म्हणाले यंत्र पास झालं नाही, परत न्या. न्यायाधीशांनी सांगितलं की जी गोष्ट दोघांनी मिळून केल्याशिवाय होऊच शकत नाही ती करायचं ठरलं, की प्रत्येकानं आपल्या वाट्याचं करायचं हे त्या ठरण्यातच आलं. पैसे द्यावे लागले. ‘सॅम्पल पास’ या अटीबद्दल विचार करताना हा खटला मला नेहमी आठवतो.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

ताई लई उपयोगी माहिती. पण मग मला एक कळेना, कायद्यातच हे सगळं आहे तर करारात वेगळं लिहायची गरज काय? ती एक ओळ असली काय आणि नसली काय.

बावड्याची_वकील

गरज आहे, कारण कलम ६७ मध्ये ‘वाजवी सोय’ आहे. वाजवी म्हणजे किती दिवस? सॅम्पल चार दिवसांत तपासणं वाजवी की चाळीस? ते ठरवायला साक्षीपुरावा लागतो, आणि तोपर्यंत तुमचे पैसे अडकलेले असतात. आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, ऑगस्ट २०२५ पासून मुंबईच्या फेऱ्या कमी झाल्या हे खरं, पण वाद कोर्टात गेलाच नाही तर सगळ्यात बरं. दुसरं असं की ‘सर्वतोपरी सहकार्य’ या शब्दांत कुणी, काय, कधी, यातलं काहीच नाही. त्यामुळं ते मोडलं असं दाखवणं अवघड जातं. समोरचा म्हणतो आम्ही सहकार्य केलंच की, तीनदा मीटिंगला आलो.

म्हणून ती ओळ राहू द्या, काढायला भांडू नका. तिच्याखाली तुमच्या कामातला जो जो टप्पा त्यांच्यावर अवलंबून आहे तो नावानिशी लिहून घ्या. ‘मंजूर ड्रॉइंग, रिव्हिजन क्रमांकासह, खरेदीदार पीओच्या तारखेपासून अमुक कामाच्या दिवसांत देईल. सॅम्पल मिळाल्यापासून अमुक कामाच्या दिवसांत खरेदीदार ते स्वीकारल्याचं किंवा कारणांसह नाकारल्याचं लेखी कळवेल. यात जितके दिवस उशीर होईल तितके दिवस डिलिव्हरीची तारीख आपोआप पुढं जाईल आणि त्या दिवसांसाठी कपात लागणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक पहिली दोन लिहून घेतात आणि तिसरं विसरतात. मग कर्तव्य कागदावर राहतं पण ते चुकल्यावर काय होणार हे कुठंच नसतं.

‘कारणांसह नाकारल्याचं’ हा शब्दही सोडू नका. नुसतं ‘नॉट ओके’ असा मेल आला तर तुम्ही ब्लो होल (ओतकामात हवेनं पडलेली भोकं) शोधायचे की माप बघायचं?

गुळआडत_शाहूपुरी

सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या धंद्यात गुऱ्हाळवाल्याशी पिढ्यांचा संबंध असतो. हंगामाच्या आधी उचल द्यायची, गुळाचे रवे यार्डात आले की सौदा लावायचा, पट्टी करून हिशोब द्यायचा. कुणाच्या घरी लग्न असलं तर आधी पैसे जातात, गुऱ्हाळ बंद पडलं तर पुढच्या सालावर ढकलतात. हे कुठल्या कलमात लिहून होणार? मला असं वाटतं की तुम्ही पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाच दिवस, सात दिवस असं लिहायला लावलं की तो तुम्हाला भांडखोर समजतो, आणि मग खरंच अडचण आली तर तोही कागदावर बोट ठेवतो. माणसं जपली की सहकार्य होतंच. कागद जपून होत नाही.

सायझिंग_इचलकरंजी

गुळआडत काका, तुमचा मान राखून सांगतो, आमच्याकडं पण सगळं शब्दावरच चालतं आणि त्यात कोण मरतं ते बघा. इचलकरंजीत खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा. व्यापारी बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) देणार, वेफ्ट (आडवं सूत) देणार, पिकाप्रमाणं, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी ठरणार. बाजार चढा असतो तेव्हा रात्री फोन करून विचारतात ताके (कापडाचे गठ्ठे) कधी देतोस. बाजार पडला की बीमच येत नाही. माग उभे, कामगार बसून, लाईटबिल चालूच. तेव्हा व्यापाऱ्याकडं गेलं की म्हणतो मी तुला कायम बीम देईन असं कुठं म्हणलो होतो? आणि तो खोटं बोलत नाही, खरंच म्हणला नव्हता, दोघांनीही कधी विषयच काढला नव्हता.

शब्दावरचं सहकार्य तेजीत छान चालतंय. मंदीत ज्याची ताकद जास्त त्याच्या सोयीनं चालतंय. निदान ‘इतक्या मागांना महिन्याला इतके बीम, आणि देता येणार नसतील तर इतके दिवस आधी सांगणार’ एवढं जरी चिठ्ठीवर असलं असतं तरी आम्ही दुसऱ्याचं काम धरलं असतं. माणूस जपायचा म्हणजे त्याला आधी सांगायचं, आणि आधी सांगायचं हे लिहून ठेवलं तर त्यात भांडण कुठं आलं?

गुळआडत_शाहूपुरी

आधी सांगायचं हे लिहून ठेवायला माझी हरकत नाही. हे मला पटलं. माझा विरोध दंडाला आहे.

चाकणचा_गडहिंग्लजकर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, एका कंपनीत खरेदी खात्यात आहे, गाव गडहिंग्लज. त्यामुळं दोन्ही बाजू बघतोय आणि इथं एक बाजू राहून जातेय म्हणून लिहितो.

सप्लायर लोक एक गोष्ट करतात ज्यानं आमचं खरंच वाटोळं होतं. भट्टीचं लायनिंग गेलं, कॉइल जळली, कोअर करणारी माणसं गावाला गेली, हे त्यांना सोमवारी माहीत असतं आणि आम्हाला शनिवारी गाडी लागायच्या वेळी कळतं. रोज विचारलं की ‘निघतोय साहेब, आज संध्याकाळी लोड होतंय’. सोमवारीच सांगितलं असतं तर मी दुसऱ्या मॉडेलचं शेड्यूल पुढं घेतलं असतं, दुसऱ्या सप्लायरकडून थोडा माल उचलला असता, काहीतरी केलं असतं. शनिवारी कळल्यावर लाईन थांबवण्याशिवाय माझ्या हातात काहीच नसतं, आणि मग वरून विचारणा झाली की मी डेबिट नोटच काढणार, दुसरा पर्यायच ठेवत नाहीत. लपवतात का तर कपातीच्या भीतीनं. म्हणजे दंडाचं कलम जितकं कडक तितकी बातमी उशिरा येते, हे मी इतक्या वर्षांत पक्कं बघितलंय, त्यामुळं गुळआडत काकांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

आमच्या काही करारांत आता अशी सोय आहे की उशीर होईल असं वाटल्यावर सप्लायरनं दोन कामाच्या दिवसांत लेखी कळवायचं, किती उशीर, का, आणि तोवर काय करता येईल, आणि कळवलं तर पहिल्या काही दिवसांची कपात माफ. कळवलं नाही तर पूर्ण कपात. असलं कलम फौंड्रीवाल्यांनी स्वतःहून घालून मागावं. कुठलाही शहाणा खरेदीवाला याला नाही म्हणणार नाही. आणि तुम्ही हे स्वतः दिलंत तर सॅम्पलचे दिवस आमच्याकडून मागायला तुम्हाला तोंड राहतं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

हे फार कामाचं सांगितलंत. खरंय, आमच्यात लपवायची सवय आहे. हे कलम मी पहिलं घालणार.

बावड्याची_वकील

चाकणच्या दादांनी सांगितलेलं कलम जगभर चालतं. इंग्लंडमध्ये बांधकामासाठी एनईसी नावाचे छापील करार १९९३ पासून वापरात आहेत, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की परस्पर विश्वास आणि सहकार्याच्या भावनेनं वागायचं. पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. किंमत वाढेल, काम लांबेल किंवा कामाच्या दर्जाला धक्का बसेल असं काही दिसलं की ते कळताक्षणी दुसऱ्याला कळवायचं, मग एकत्र बसून मार्ग काढायचा, अशी पुढची कलमं आहेत. आणि ठेकेदारानं वेळेत कळवलं नाही तर त्याची जादा रकमेची मागणी मोजताना, वेळेत कळवलं असतं तर जेवढं झालं असतं तेवढंच धरतात. भावना एका ओळीत आहे, तिचा हिशोब पुढच्या कलमांत आहे.

उशिराच्या कपातीबद्दलही एक सांगते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं करारात रक्कम लिहिली म्हणजे ती आपोआप पूर्ण मिळते असं नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. आणि कलम ५५ चा शेवटचा भाग वाचून ठेवा. वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेलं काम समोरच्यानं स्वीकारलं आणि स्वीकारताना ‘मी भरपाई मागणार आहे’ असं कळवलं नाही, तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. तुमच्या करारात याच्या उलट काही लिहिलंय का ते तपासा.

स्लॅब_ते_सेंट्रिंग

सिव्हिलवाला बोलतोय. सरकारी कामावर आमच्याकडं हिंडरन्स रजिस्टर असतं. साईट ताब्यात मिळाली नाही, ड्रॉइंग आलं नाही, मधे झाड आलं त्याची परवानगी नाही, पाण्याची लाईन हलवली नाही, जे काय अडलं ते त्या वहीत तारखेनिशी लिहायचं, कधी सुरू झालं कधी संपलं, आणि समोर त्यांच्या इंजिनिअरची सही. मुदतवाढ मागताना ही वहीच कामाला येते. ज्या ठेकेदाराची वही रोजच्या रोज भरलेली असते त्याला मुदतवाढ मिळते, आणि जो शेवटी एकदम बसून लिहितो त्याच्या नोंदीवर कुणी सही करत नाही.

फौंड्रीत पण असली वही करा. सॅम्पल गेलं तारीख, चलन नंबर, कुणी घेतलं, उत्तर आलं तारीख. दर शनिवारी त्याचा फोटो मेल करून टाका, खाली एकच ओळ, ‘वरील नोंदींबद्दल काही हरकत असल्यास कळवावे’. घरच्या बांधकामालाही मी हेच करतोय, टाइल्स मालकानं निवडायच्या असतात आणि त्या निवडायला घरातल्या सगळ्यांना वेळ मिळेपर्यंत आमचे मिस्त्री दुसऱ्या साईटवर गेलेले असतात.

नवीनच_आलोय

व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलं चालतं का? आमचं सगळं तिथंच असतं.

बावड्याची_वकील

पुरावा म्हणून देता येतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण करारातच ‘सूचना फक्त ईमेलनं किंवा पोस्टानं’ असं लिहिलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके सर’ वर विसंबू नका. फोन झाला, मेसेज झाला, की त्याच दिवशी एक छोटा मेल टाकायचा.

करवीरचा_शेतकरी

ऊसाचंही असंच हो. आम्ही लागणीची नोंद द्यायची, तोड यायच्या आधी पाणी तोडायचं, वाट मोकळी करून ठेवायची, आणि टोळी काय येत नाही, ऊसाला तुरा येतोय वजन जातंय. पैशाचं मात्र कायद्यातच घातलंय, ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. तोडीच्या तारखेला पण असाच दिवस आणि असंच व्याज असतं तर बरं झालं असतं.

जागा_घेतोय

थोडं वेगळं विचारतो, धागा भरकटवायचा नाही. मी आर.के.नगर बाजूला एक प्लॉट घेतोय, साठेखत करायचंय. त्यात विकणाऱ्यानं मोजणीला सही द्यायची, जुने कागद द्यायचे, हे ‘सहकार्य करतील’ मध्येच उरकलंय एजंटनं. चालेल का?

बावड्याची_वकील

नका उरकू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची बरीच कर्तव्यं आधीच आहेत, त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगणं, मालकीचे कागद बघायला देणं, मालकीबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणं, पैसे समोर केल्यावर खरेदीखत करून देणं. पण मोजणीला हजर राहणं, सातबारावरच्या बोज्याचा दाखला काढून आणणं, बहिणींच्या सह्या, हे तुमच्या व्यवहारापुरतं आहे, ते तारखांसह लिहा. आणि तुमच्या बाजूनंही सावध राहा. उद्या करार पुरा करून मागायला दावा टाकायची वेळ आली तर तुम्ही कायम तयार होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १६. पैसे तयार असल्याचा कागद, ‘मी तयार आहे, तारीख द्या’ असं लेखी पत्र, हे हातात पाहिजे. फक्त समोरचा सहकार्य करत नाही म्हणून भागत नाही.

उद्यमनगर_पॅटर्न

एक गोष्ट कुणी काढली नाही. करार संपल्यावरचं काय? पॅटर्न परत द्यायच्या वेळी सगळ्यात जास्त भांडणं होतात. गिऱ्हाईक दुसऱ्या फौंड्रीकडं जातंय म्हणल्यावर इकडचा माणूस पॅटर्न सोडत नाही, बिलं राहिलीत म्हणतो. आणि तिकडनं म्हणतात पॅटर्न खराब करून दिला. आता लाकडी पॅटर्न दोन पावसाळे रॅकवर राहिला तर फुगणारच, डॉवेल सैल होणार, कोपऱ्याची फिलेट निघणार. घेताना कसा होता हे कुणी लिहिलंय? आम्ही आता पॅटर्न देताना चारी बाजूंनी फोटो काढतो, कोअर बॉक्स किती, लूज पीस (पॅटर्नचे सुटे तुकडे) किती, सगळं चलनावर लिहितो. लूज पीस तर हमखास हरवतोय आणि मग त्यावरनं वर्षभर बोलाचाली.

बावड्याची_वकील

फार बरोबर मुद्दा. दुसऱ्याचा पॅटर्न तुमच्याकडं असणं म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. करार कायद्याच्याच कलम १५१ प्रमाणं सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची, आणि १६० प्रमाणं काम संपलं की न मागता परत करायचा. बिलं थकली तर पॅटर्न अडवून ठेवता येतो का, हा वादाचा विषय होऊ शकतो, म्हणून करारातच लिहा. परतीच्या आधी दोघांनी मिळून तपासणी, झीज कुणाच्या खाती, राहिलेल्या बिलांचा हिशोब किती दिवसांत, चालू ऑर्डरीतला अर्धा तयार माल कोण घेणार. वेगळं होतानाचं सहकार्य लिहायची वेळ करार करतानाचीच असते. भांडण झाल्यावर कुणीच त्यावर सही करत नाही.

आणि फौंड्रीवाले दादा, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघुमध्ये असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ विसरू नका. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरून पैशाची मुदत माल पोचल्या दिवसापासूनच मोजली जाते, करारात काहीही लिहिलं तरी ती ४५ दिवसांच्या पुढं जात नाही, आणि पुढं गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे रिजेक्शनची तक्रार लेखी आणि वेळेत करणं हे त्यांचंही काम आहे. महिना-दोन महिन्यांनी तोंडी ‘तुमचा मागचा लॉट खराब होता’ असं म्हणून बिल अडवणं यात बसत नाही.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

मंडळी, अपडेट देतो. तुमच्या सगळ्यांचं वाचून मी त्यांना एक पानाचं पत्र केलं, भाषा नरम ठेवली, सुरुवातच आमच्याकडून काय देणार यानं केली. उशीर दिसला की दोन कामाच्या दिवसांत कळवणार, महिन्यातून एकदा त्यांच्या माणसाला भट्टीवर येऊन शेड्यूल बघायला मोकळीक, पॅटर्नची फोटोसह यादी. मग खाली ड्रॉइंग रिव्हिजनसह, सॅम्पलचं उत्तर सात कामाच्या दिवसांत कारणांसह, सात दिवसांत उत्तर नाही आलं तर सॅम्पल पास समजायचं, आणि त्यांच्याकडच्या उशिराइतकी आमची तारीख पुढं.

त्यांच्या लीगलनं जवळपास सगळं मान्य केलं, खरंच वाटलं नव्हतं. सात दिवसांऐवजी दहा केले. पण ‘उत्तर नाही आलं तर पास समजायचं’ हे साफ नाकारलं, म्हणाले पार्ट ब्रेकच्या असेंब्लीत जातोय, न तपासता पास होऊच शकत नाही. आता यावर अडून बसू का?

चाकणचा_गडहिंग्लजकर

अजिबात नको. सेफ्टी पार्टला ते कुणीच मान्य करणार नाही, आणि तारीख पुढं जातेय तर तुमचं काम झालंय.

बावड्याची_वकील

मी तर म्हणेन ते कलम गेलं ते तुमच्याच भल्याचं. न तपासता पास धरलेल्या सॅम्पलवर तुम्ही हजार नग ओतले आणि माप चुकलेलं निघालं, तर ‘पास समजायचं’ या ओळीवर किती दिवस उभे राहाल? त्याऐवजी एवढं मागा की दहा दिवस उलटले तर विषय त्यांच्या प्लांट हेडकडं आपोआप जाईल, नाव नको, हुद्दा लिहा, माणसं बदलतात. आणि त्यानंतरही अमुक दिवस उत्तर नाही आलं तर मोल्डिंगची राखून ठेवलेली क्षमता तुम्ही दुसऱ्या कामाला वापरू शकाल, एवढी मोकळीक.

वाद मिटवायचं कलमही असंच पायऱ्यापायऱ्यानं ठेवा, आधी दोन्हीकडचे रोजचे माणूस, मग वरचे, मग मध्यस्थी. तसंही ३ लाखांच्या वरचा व्यावसायिक वाद असेल आणि तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी कायद्यानंच लागते.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

प्लांट हेडचं लगेच लिहून पाठवतो. अजून एक, सूचना द्यायचा ईमेल त्यांनी आत्ताच्या बायरच्या नावाचा दिलाय.

स्लॅब_ते_सेंट्रिंग

तो माणूस सोडून गेला की तुमचे मेल विहिरीत. खात्याच्या नावाचा पत्ता मागा आणि सोबत दुसरा एक पत्ता, बदलला तर कळवायची जबाबदारी त्यांची, कळवेपर्यंत जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पोचलं असं धरायचं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

घातलं. उद्या सकाळी ड्राफ्ट जातोय, सही झाली की चालू केलेल्या वहीचा नमुना इथंच टाकतो, कुणाला पाहिजे असेल त्यानं उचला.